आठ दिवसांचा महिना

इटलीत परक्या माणसाने किती दिवस राहावं, याचा कायदा आहे. शेंगेन व्हिसावर गेलेल्याला कुठल्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. एक्क्याण्णवाव्या दिवशी सरकार त्याला पाहुणा मानत नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या नाटे गावाला असा काही कायदा नाही. मे महिन्यात मुंबईकडून येणारा माणूस इथे ‘आठ दिवसांसाठी’ येतो आणि आठ दिवस म्हणजे किती, हे त्याचं तोच ठरवतो.

यंदा डोंबिवलीचा आमचा दादा सहकुटुंब आला. दादा माझा चुलतभाऊ. तो, वहिनी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. खरं तर त्यांना जायचं होतं इटलीला. दोन वर्षांपूर्वी ही मंडळी एका टूरबरोबर रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून आली होती. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. मुलाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, असं धावत काय बघायचं? एकाच खेड्यात जाऊन महिनाभर राहावं, तिथल्या माणसांसारखं उठावं, तिथल्या माणसांसारखं जेवावं. इटलीत याची सोयही आहे. शेतकऱ्यांना आपल्या घरी पाहुणे ठेवता यावेत म्हणून तिथल्या सरकारने १९८५ साली कायदाच केला. शहरातली माणसं द्राक्षमळ्यातल्या घरात जाऊन राहतात, मालकिणीच्या हातचं जेवतात आणि निघताना युरो मोजतात.

दादाने विमानाचं भाडं, युरोचा भाव आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख ही तिन्ही एका कागदावर लिहून काढली आणि मला फोन लावला.

“अरे, आपल्याकडे पण समुद्र आहे. कौलारू घर आहे. माणसं हातवारे करून मोठमोठ्याने बोलतात. मग फरक काय?”

“युरोचा,” मी म्हटलं.

तो त्याला आधीच कळला होता.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं, म्हणून मंडळी गाडीने आली. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा दादाच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. आता त्याची मुलं मागच्या सीटवरून विचारतात, बाबा, हा रस्ता कधी होणार? रात्री निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला अंगणात शिरली. सूनबाई उतरल्या, खाडीकडे बघितलं आणि इटलीतला किनारा आठवून म्हणाल्या, “अय्या, अगदी अमाल्फी!” माझ्या बायकोला वाटलं, वाटेत कोणी भेटलं असेल, त्याचं नाव.

नाट्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते तीन दिवसांत संपतं. पहिल्या दिवशी यशवंतगड. खाडीच्या काठावरचा किल्ला, तटबुरूज बऱ्यापैकी उभे आणि आत झाडोरा. दादाच्या मुलाने सांगितलं की कोलोसियमला तासभर रांगेत उभं राहावं लागलं होतं. इथे रांग नाही, तिकीट नाही आणि आम्ही सोडून माणूसही नाही, हे पाहून त्याला आधी आनंद झाला आणि मग थोडी शंका आली. दुसऱ्या दिवशी आंबोळगड. तिथला किल्ला लहान आणि किनारा लांबच लांब, त्यामुळे इतिहास दहा मिनिटांत आटोपून मंडळी दिवसभर पाण्यात डुंबली. तिसऱ्या दिवशी आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचा कनकादित्य.

कशेळीला मी जरा माहिती सांगायला गेलो. म्हटलं, शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३चा, म्हणजे सन ११९१चा ताम्रपट आहे. रोज बारा ब्राह्मणांना जेवू घालता यावं म्हणून कशेळी गाव दान दिल्याचं त्यात कोरलंय. मंडळींनी माना डोलावल्या. बायको मात्र थबकली.

“बारा माणसांच्या जेवणाला एक अख्खा गाव?”

“हो.”

“म्हणजे सहा माणसांना अर्धा,” ती म्हणाली आणि देवळात गेली. तिने देवाकडे काय मागितलं ते मी विचारलं नाही.

राजापूरच्या गंगेचंही दर्शन घ्यावं असं वहिनींच्या मनात होतं, पण तिचा बेत सांगता येत नाही. उन्हाळे गावात ती साधारण दर तीन वर्षांनी प्रकटते, चौदा कुंडं भरतात आणि पुढे शंभरेक दिवस ती मुक्कामाला असते, असा जुना शिरस्ता. अलीकडे तिचं वेळापत्रक बिघडलंय. वाटेल तेव्हा येते, वाटेल तितकं राहते. पण ‘आता निघणार कधी?’ असं तिला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. उलट ती आहे तोवर लोक लांबलांबून येऊन तिच्या पाया पडतात. ज्या तालुक्यात गंगाच अशी पाहुणी येते, तिथे माणसांना काय बोलायचं?

तर पाहण्यासारखं तीन दिवसांत संपलं. तिथे टूर संपते आणि मुक्काम सुरू होतो.

मुक्काम किती जुना झाला, हे कॅलेंडरवरून कळत नाही, माशांवरून कळतं. साखरी नाट्याचं मच्छीमार बंदर आम्हाला जवळ, त्यामुळे ताज्या मासळीला तोटा नाही. पहिल्या आठवड्यात सुरमई आणि पापलेट. दुसऱ्यात बांगडा. बांगडा उत्तम मासा आहे, पण सुरमईनंतर आला की पाहुण्याला त्यात काहीतरी कळतं. तिसऱ्यात तारली. चौथ्यात कुळथाचं पिठलं, सोबत सुकट. एक जूनपासून यांत्रिक मासेमारी दोन महिने बंद असते, तेव्हा यजमानाला सरकारी कारणही मिळतं.

चहाचंही तसंच. आधी “चहा घेणार ना?” असं विचारून कपबशीत येतो. मग “चहा टाकलाय, घ्या ओतून,” अशी हाक येते. आणि एका सकाळी वहिनी स्वतःच चुलीशी बसलेल्या दिसतात आणि आम्हाला विचारतात, “तुम्ही घेणार ना?”

पाहुण्याच्या बाजूनेही उतरण तेवढीच असते. दादा पहिल्या दिवशी कडक इस्त्रीत होता. मग बर्म्युडा आली. मग माझी जुनी लुंगी. पुढे पुढे तो पंचा गुंडाळून पडवीत असा बसायचा की येणारा-जाणारा त्यालाच भाताच्या बियाण्याचं विचारायचा आणि तो उत्तरही द्यायचा. भात कुठल्या झाडाला लागतो अशी शंका असलेल्या माणसाने वाणाबद्दल सल्ला देणं म्हणजे फारच झालं. पण त्याचा आत्मविश्वास बघून दोघांनी त्याचं ऐकलं.

दुपारी आमचा बाजार बंद असतो. एक वाजला की दुकानदार फळी लावतो, जेवतो, आडवा होतो आणि चारच्या सुमारास उठतो. इटलीतल्या लहान गावांतही हीच रीत. तिथली दुकानं भर दुपारी बंद होतात, याचं सूनबाईंना केवढं अप्रूप! त्यांनी तिथल्या एका बंद दाराचा फोटो अजून मोबाईलवर ठेवलाय. “काकी, जगायचं कसं ते त्या लोकांना कळतं,” असं त्या बायकोला सांगत होत्या. त्याच दुपारी शाम्पू संपला म्हणून त्या बाजारात गेल्या आणि घामाघूम होऊन परत आल्या.

“सगळं बंद! अशाने हे लोक धंदा कसा करणार?”

“जगायचं कसं ते त्यांना कळतं,” बायको म्हणाली.

दादाला इटलीचं आणखी एक पाठ होतं. सकाळी अकरानंतर तिथला माणूस दुधाची कॉफी पीत नाही, पचायला जड पडते म्हणतात. हे तो आम्हाला रोज सांगायचा. सांगायची वेळ दुपारी साडेतीनची आणि हातात दुधाच्या चहाचा दुसरा ग्लास.

आता कामाचं. इटलीत द्राक्षं खुडायला, टोमॅटोचा सॉस करायला माणसं हौसेने पैसे देऊन जातात आणि त्याला ‘अनुभव’ म्हणतात, ही माहिती सूनबाईंनी एकदा रात्री गप्पांत दिली. माझी बायको ती लक्ष देऊन ऐकत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने जाहीर केलं, “सूनबाई, आज रातांब्यांचा अनुभव आहे.”

अंगणात टोपल्यांनी रातांबे पडलेले. एकेक फोडायचा, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालं रसात भिजवून उन्हात टाकायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, म्हणजे सोलं होतात. नातवंडं जांभळी-लाल झाली. अंगावरचे पांढरे कपडे कायमचे बदलले. मग आंब्याच्या साठांचा अनुभव आला. रस आटवून ताटांत ओतायचा आणि कावळे राखत बसायचं. कावळे राखण्याचा अनुभव दादाला आला. तो काठी मांडीवर घेऊन घोरायचा, पण कावळ्यांना ते कळायला चार दिवस लागले.

फणसाचा अनुभव मी स्वतः दिला. फणस फोडायच्या आधी हाताला आणि कोयतीला खोबरेल तेल लावतात. हे मी सांगितलं आणि दादाच्या मुलाने हाताला लावलं, कोयतीला लावलं नाही. फणस होता बरका. पहिल्या घावाबरोबर चीक पात्याला धरला, पात्याचा बोटांना, बोटं कपाळावरचा घाम पुसायला गेली तशी केसांना. मग त्याने मोबाईल उचलला, कारण ऑफिसचा फोन होता. पुढचा अर्धा तास मोबाईल त्याच्या कानापासून सुटत नव्हता आणि ऑफिसातल्या लोकांना वाटलं, आज हा मन लावून ऐकतोय. शेवटी बायकोने तेलाचा बोळा घेऊन त्याला, मोबाईलला आणि कोयतीला एकमेकांपासून सोडवलं. तोवर नातवाने दोन्ही हातांनी सगळे गरे संपवले होते.

दादाचा हा मुलगा ऑफिसचं काम इथूनच करत होता. घरात नेट येत नाही, आमराईत वरच्या अंगाला बरं येतं. तिथे त्याला खुर्ची, टेबल आणि पाण्याचा तांब्या दिला. आमराईत कोणी बसलेलं आम्हाला हवंच होतं, कारण शेवटच्या हापूसवर माकडांचा डोळा असतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागद माकडांना दाखवता येत नाहीत. त्यामुळे मीटिंग चालू असताना मधूनच त्याला “हाऽऽट!” अशी आरोळी ठोकावी लागे. एकदा साहेबांनी काम आणखी लवकर संपवायची सूचना मांडली आणि नेमकं त्याच क्षणी माकड फांदीवर उतरलं. मुदत दोन आठवड्यांनी वाढवून मिळाली. तेव्हापासून तो माकडांबद्दल आदराने बोलतो.

संध्याकाळी वीज जायची. समोर खाडीपलीकडे माडबनला हजारो मेगावॅटचा अणुप्रकल्प योजलेला आहे. त्यावरून या गावांनी काय काय सोसलं, तो विषय मोठा आहे आणि विनोदी नाही. पण काळोखात पडवीत बसून डास मारताना मेगावॅटचे आकडे ऐकले की माणूस नाइलाजाने हसतो. दादाच्या मुलाने सांगितलं, इटलीने १९८७ साली जनमत घेतलं आणि असलेले अणुवीज प्रकल्पही बंद केले. “मग त्यांच्याकडे वीज जाते का?” धाकट्या नातवाने विचारलं. “नाही.” “आणि आपल्याकडे प्रकल्प व्हायचाय, तरी जाते?” यावर सगळ्यांनी एकमताने त्याला झोपायला पाठवलं.

एवढं सगळं झालं तरी ‘तुम्ही निघणार कधी?’ हे आम्ही विचारलं नाही. पूर्वी ते विचारावंच लागत नसे. मुंबईहून आगबोट यायची. मुसाकाजी, जैतापूर ही तिची बंदरं. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला लागायची. पाऊस तोंडावर आला की बोटी बंद. मे अखेरची बोट धरली नाही तर चाकरमान्याची नोकरी तरी जायची, नाहीतर घाट चढउतार करत त्याला मुंबई गाठावी लागायची. त्यामुळे तो वेळेवर निघायचा. समुद्र यजमानाच्या बाजूचा होता. १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग धावू लागली आणि ती भर पावसातही धावते. सोय झाली, फक्त कोणाची, ते आमच्यासारख्यांनी बोलू नये.

आणि बोलणार तरी कोणत्या तोंडाने? सातबारा काढून बघा. आमच्या घराखालच्या जमिनीवर एवढी नावं आहेत की त्यातली निम्मी माणसं स्वर्गात आहेत आणि उरलेली डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्यात. दादाचं नाव माझ्या वर आहे. आजोबांच्या वेळेपासून या घराची कौलं मुंबईच्या मनीऑर्डरवर बदलली गेली. पडवीची फरशी दादाच्या बोनसची, विहिरीचा पंप त्याच्या प्रॉव्हिडंट फंडातला. इटलीत माणूस पैसे देऊन परक्याच्या घरात राहतो आणि ठरल्या तारखेला किल्ली परत करतो. नाट्यात तो पैसे न देता स्वतःच्या घरात राहतो. त्याला किल्ली कोण मागणार? मी इथे बारा महिने असतो म्हणून यजमान वाटतो, इतकंच. कागद बघितलात तर मालक सुटीवर आलेला आहे आणि मी रखवालदार आहे. हे ज्या रात्री माझ्या ध्यानात आलं, त्या रात्री मी पिठलं बंद करून पुन्हा बांगडा आणायला सांगितला.

निघण्याचं पर्व वेगळंच. व्हेनिसचा नाटककार कार्लो गोल्दोनी याने १७६१ साली गावाकडच्या मुक्कामावर एक सोडून तीन नाटकं लिहिली. पहिलं निघायच्या धांदलीचं, दुसरं मुक्कामाचं, तिसरं परतण्याचं. लिव्होर्नोची माणसं माँतेनेरोला हवापालट करायला जातात, तेही कर्ज काढून, कारण ओळखीपाळखीचे सगळे जातात. कोणाचा नव्या फॅशनचा पोशाख शिवून आलेला नसतो म्हणून घोडं अडतं. एक गृहस्थ तर याच्या-त्याच्या पानावर फुकट जेवत हिंडतो. सगळं ओळखीचं वाटतं. पण परतण्यासाठी गोल्दोनीला एकच नाटक पुरलं, कारण त्याची माणसं नाट्याहून निघत नव्हती.

दादा आधी एका रविवारी निघणार होता. आढीतला आंबा अजून हिरवा निघाला. मग बुधवार ठरला, तर मधे अमावस्या आली. मग आडिवऱ्याच्या आतेकडे जेवण राहिलं होतं. मग मृग दोन दिवसांवर आला. पहिला पाऊस कौलांवर ऐकून जावं, असं सगळ्यांचं मत पडलं. पाऊस आला. तो एवढा आला की रस्ता बरा होईपर्यंत थांबावं, असं मत पडलं. नातवंडांची शाळा जूनच्या मध्याला उघडली नसती, तर मला वाटतं, दादाने लावणीच केली असती.

विमानात तेवीस किलो सामानाची अट असते. दादाच्या गाडीला अट नव्हती. हापूसच्या पेट्या, एक कापा, एक बरका, सोलं, आगळाच्या बाटल्या, साठं, कुळीथ, उकडा तांदूळ, सुकटीची पिशवी, सुकटीचा वास येऊ नये म्हणून तिच्यावर घातलेली दुसरी पिशवी आणि ‘जाता जाता देऊन टाका’ असं सांगून शेजाऱ्यांनी दिलेली, पनवेल ते बदलापूरची चार गाठोडी. धाकटा नातू या सगळ्याच्या वर, छपराला डोकं लावून. गाडी मागून एवढी बसली की पुढचे दिवे थेट आमच्या माडाच्या शेंड्यावर पडत होते.

वहिनी निघताना बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. बायकोही रडली. गाडी वळली आणि तिने पदराने डोळे पुसून सांगितलं, आता दोन दिवस चूल पेटणार नाही. संध्याकाळी तिनेच पेज टाकली आणि सवयीने एवढी टाकली की शेजारच्या तीन घरांत वाटावी लागली.

आता गणपती होऊन गेले की मला डोंबिवलीला जायचं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दादाची जागा दोन खोल्यांची, माणसं सहा, आम्ही नवरा-बायको धरून आठ. पण त्या जागेच्या पागडीत, पुढे ती ओनरशिप झाली तेव्हा तिच्या पैशात, आमच्या वरच्या अंगाच्या विकलेल्या सागाचेही चार पैसे आहेत. तेव्हा संकोच नको, असं दादाच फोनवर म्हणाला. वहिनींनी मागून विचारलं की किती दिवस. मी सांगितलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की डोळा नीट बसेपर्यंत राहीन, मग दुसऱ्याचं. दुसऱ्या डोळ्याची घाई नाही, असं डॉक्टर म्हणालेत. घाई मलाही नाही.